मळीवरचं एक्केचाळिसावं घर

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ते फक्त हसायला. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... अशा पोस्टखाली "झोप पूर्ण घेत जा भावा" असं लिहून शिव्या खाल्लेला माणूस आहे मी. रस्त्यावर उतरून टाकलेलं लिंबू दिसलं तर मुद्दाम त्याच्यावरून गाडी घालणारा. त्यामुळं हे मी लिहितोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच आहे. घाबरायला आला असाल तर निराश व्हाल. सगळं भर दुपारी झालंय, पंख्याखाली बसून, हातात चहाचा कप असताना.

कोल्हापुरात राजारामपुरीत मेन रोडपासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली क्लास, त्याच्या खाली दातांचा दवाखाना. आम्ही नकाशे करतो, म्हणजे कॉम्प्युटरमधले. फील्डवरची माणसं मोबाईल घेऊन गावोगाव फिरतात, प्रत्येक घरापुढं उभं राहून एक पॉइंट घेतात, चार शब्दांची नोंद करतात आणि संध्याकाळी फाईल ऑफिसला पाठवतात. त्या फायली लावून एकमेकींना जोडायचं काम माझं. चौदा वर्षं हेच करतोय.

लावणं म्हणजे काय, तर एका काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. माउस नाही, चित्र नाही, काही नाही. प्रत्येक पॉइंटला एक नंबर असतो. विस्कटलेले पत्ते ओळीनं लावावेत तसे ते टूल सगळे पॉइंट नंबरानं लावून नवी फाईल देतं. त्याला sort म्हणतात. हे टूल स्वतःच्या मनानं काही घालत नाही आणि काही काढत नाही. शंभर आत गेले की शंभरच बाहेर येणार. एवढं फक्त लक्षात असू द्या.

आता बाबालालमामांबद्दल.

मामा आमचे सगळ्यात जुने सर्वेअर. वय साठीला टेकलेलं. आधी जमीन मोजणाऱ्या एका खाजगी माणसाकडं साखळी ओढायचे, नंतर आमच्याकडं आले आणि पन्नाशीनंतर मोबाईल शिकले. ऑफिसात सगळे त्यांना मामाच म्हणत आणि ते मला भाच्या. "काय भाच्या, जेवलास का?" - फोन कुठल्याही कामाचा असो, सुरुवात हीच. त्यांची एक पद्धत होती. नव्या वस्तीत गेलं की आधी कुणाच्या तरी दारात पाणी मागायचं. ज्या घरचं पाणी प्यालं त्या घराचा पॉइंट पहिला. नोंदीत सुद्धा लिहायचे, "पाणी प्यालो". आम्ही लई हसायचो. मी म्हणायचो, मामा, सरकारला काय करायचंय तुम्ही कुठं पाणी प्यालात ते? तर म्हणायचे, "ज्येच्या घरचं पाणी प्यालो, ते घर इसरत न्हाय बघ माणूस."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडं नदीकाठच्या गावांचं काम आलं. पूर आला तर बोटी कुठं कुठं पाठवायच्या याचा नकाशा करायचा होता. घर न घर त्यात पाहिजे. पुराचं पाणी कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको, त्यामुळं मामांनी हे काम अंगाला लावून घेतलं होतं. प्रत्येक घराच्या पायऱ्या मोजायचे, नोंदीत लिहायचे. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं म्हणजे घर सोडायचं, हे त्यावरून कळतं म्हणायचे.

काम पूर्ण झालं, आम्ही नकाशा दिला. महिन्याभरानं तपासणीचे साहेब एका गावाला प्रत्यक्ष गेले. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) तिथं नदीच्या वळणात, मळीवर, म्हणजे पुराच्या गाळाच्या जमिनीवर, एक अख्खी वस्ती आहे. आमच्या नकाशात तिथं नुसता ऊस. घर एक नाही.

साहेब ऑफिसात आले तो दिवस मला पाठ आहे. आमच्या सरांनी मामांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"बाबालाल, मळीवर गेलतास का न्हाईस?"

"गेलतो की साहेब."

"मग घरं कुठं हाईत?"

"चाळीस घरं हाईत साहेब. मोजून आलोय. पाणी प्यालोय तितं."

"कशाला थापा मारतोस? घरात बसून गाव उरकलंस आणि आता पाणी पाजतोस व्हय आम्हाला?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सरांचं ते नेहमीचंच. पण मामांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "भाच्या, फाईल तूच लावलीस न्हवं? तू तरी सांग की ह्यास्नी."

मी स्क्रीनकडं बघत म्हणालो, "फाईलमध्ये नाहीत मामा."

खोटं बोललो नाही हो मी. नव्हतेच ते पॉइंट फाईलमध्ये. पण ते का नाहीत, हे माझे जुने हुकूम काढून बघायला दहा मिनिटं लागली असती आणि ती मी काढली नाहीत. मामांची मूळ फाईलही तोवर राहिली नव्हती - डिस्क भरते म्हणून जोडून झालेल्या कच्च्या फायली उडवायच्या, ही आमच्या ऑफिसची शिस्त. मामांचा मोबाईल त्याच दिवशी काढून घेतला, साफ केला आणि दुसऱ्याला दिला. मामांना घरी पाठवलं.

कोल्हापूर केवढं? चार दिवसांत सदर बाजारात त्यांच्या गल्लीपर्यंत गोष्ट पोचली, की बाबालालनं सरकारी कामात खोटं केलं. नमाजाला गेले की लोक विचारायचे म्हणे, काय झालं नेमकं? मामा प्रत्येकाला सांगत बसायचे, मी गेलतो, चाळीस घरं हाईत, पाणी प्यालोय. ऐकणारा मान हलवायचा आणि पुढं जायचा. शिमग्याच्या आधी मामा गेले. सकाळी उठलेच नाहीत. मी मातीला गेलो, खांदा दिला आणि दुपारी ऑफिसला येऊन कामाला लागलो.

इथपर्यंत अमानवीय काही नाही. माणसं अशीच वागतात.

आता ती दुपार. यंदा गणपती झाल्यानंतरचा मंगळवार, साडेतीन वाजलेले. खालच्या क्लासात पोरं पाढे म्हटल्यासारखी काहीतरी एका सुरात म्हणत होती. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीचं काम करत होतो - रस्ते, शेड, विजेचे खांब. तीन फायली होत्या. एकत्र लावायच्या, बस्स. माझी सवय आहे, आधी एकूण पॉइंट मोजायचे आणि नंतर पुन्हा मोजायचे. आधी सहा हजार दोनशे अठरा होते. sort केलं, चहाचा घोट घेतला, मोजले.

सहा हजार दोनशे एकोणसाठ.

एक्केचाळीस जास्त.

मला वाटलं हुकूम टाइप करताना चुकून आणखी एखादी फाईल आत ओढली गेली. फोल्डर बघितलं, तीनच फायली. पुन्हा केलं, पुन्हा एक्केचाळीस जास्त. शेजारी स्नेहल बसते. नकाशाच्या कामात माझ्याखालोखाल तीच. तिला म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवर करून बघ गं जरा. पेनड्राइव्हवर तीन फायली दिल्या. तिनं हुकूम स्वतः टाइप केला, एक एक फाईल नाव घालून. मोजले. माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, sort जास्तीचं कुठनं आणतंय? असं कधी हुईत न्हाय की!"

मग आम्ही ती फाईल नकाशावर उघडली. कागलचे हजारो ठिपके एका जागी, आणि तिथून लांब, नदीच्या वळणात, छोटासा झुबका. मळी.

पहिल्या ठिपक्यावर क्लिक केलं. सर्वेअर - बाबालाल. तारीख - गेल्या वर्षीची, मामा मळीवर गेलो म्हणत होते तीच. वेळ सकाळची. नोंद - "पाणी प्यालो. पायऱ्या तीन."

स्नेहल खुर्ची मागं सारून उभी राहिली. ती मामांच्या वेळी ऑफिसात होती, तिनं सगळं बघितलेलं. म्हणाली, "चेष्टा केलीय का कुणी?" चेष्टा करायची म्हटलं तरी करणार कशी? ते पॉइंट जगात कुठंच शिल्लक नव्हते. माझं मशीन सुद्धा मामा गेल्यानंतर घेतलेलं, नवं कोरं. आणि आम्ही फोल्डरमधल्या तिन्ही फायली उघडून ओळ न ओळ शोधली - बाबालाल हे नाव एकीतही नव्हतं. आत नव्हतं ते बाहेर आलं होतं.

पण खरं कळलं ते याच्यानंतर. मी त्या पॉइंटचे नंबर बघितले. उणे एक, उणे दोन, उणे तीन... उणे एक्केचाळीस.

हे जरा समजून घ्या. फील्डवरचा मोबाईल नव्या पॉइंटला तात्पुरता नंबर देतो आणि तो उणे एकपासून सुरू होतो. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये, उणे एकपासूनच. म्हणून दोन सर्वेअरांच्या फायली जोडायच्या आधी एकाचे नंबर बदलून घ्यावे लागतात. न बदलता जोडल्या, तर एकाच नंबरचे दोन पॉइंट समोर आल्यावर जोडणारं टूल (हे sort नव्हे, वेगळं) पहिला ठेवतं आणि दुसरा गुपचूप टाकून देतं. एरर येत नाही. ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

गेल्या वर्षी मामांची मळीची फाईल मी शेजारच्या गावाच्या फाईलला जोडली होती. ते गाव मोठं, दुसऱ्या सर्वेअरनं केलेलं, त्याची फाईल आधी घातलेली. आणि त्या दिवशी चार वाजता पेठेतल्या दोन तालमींची फुटबॉलची मॅच होती. मी शिवाजी पेठेतला. सीझनची पहिली मोठी मॅच, स्टेडियमवर जागा मिळायला हवी... नंबर बदलायची पायरी मी गाळली. पाच मिनिटं वाचवली. मामांचं एकूण एक घर त्या पाच मिनिटांत गेलं. आमची टीम हरली, तेही सांगून टाकतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. फाशी देताना चोर शेजारच्याच खुर्चीत बसला होता आणि संन्यासी त्यालाच साक्ष मागत होता.

रविवारी मी स्कूटर काढली आणि मळीवर गेलो. ते एक्केचाळीस पॉइंट मोबाईलमध्ये घेतले होते. पहिलं घर कौलारू, पुढं गोठा, पायऱ्या तीन. दारात एक आक्का ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी विचारलं, गेल्या वर्षी दिवाळीनंतर कुणी म्हातारं माणूस मोबाईल घेऊन आलतं का?

"आल्तं की. पांढरी दाढी. तांब्याभर पाणी पिलं आणि पायऱ्या मोजाय लागलं. म्हटलं, पावणं, पायऱ्या कशाला मोजतायसा, किती हाईत म्हाईत हाय आमास्नी! तर म्हनलं, आक्का, बोटवाल्याला म्हाईत न्हाईत न्हवं." आक्का हसल्या. "बरं माणूस. कसं हाय आता?"

मी म्हणालो, बरे आहेत. का म्हणालो, माहीत नाही.

मग मी मामा फिरले त्याच क्रमानं फिरलो. दोन, तीन, चार... प्रत्येक घर जागेवर, पायऱ्या बरोबर. चाळीस झाली. एक उरलं. हे मात्र मला मंगळवारपासून खटकत होतं, कारण मामा शेवटपर्यंत चाळीसच म्हणत आले होते. म्हटलं, असेल, म्हाताऱ्या माणसाची मोजण्यात चूक झाली असेल. शेवटचा पॉइंट वस्तीच्या वरच्या अंगाला होता. तिथं एक स्लॅबचं घर होतं, रंगाचा वासही अजून गेला नव्हता. मी परत आक्कांकडं आलो आणि विचारलं, ते वरचं घर कुणाचं?

"माझ्या धाकट्या दिराचं. येगळं झालं न्हवं ते."

"कधी बांधलं?"

"शिमगा झाल्यावर पाया काढला. श्रावणात घरभरणी केली."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, वर म्हणाल्या, त्याच्या आधी तितं गवताची गंजी हुती. मी मोबाईल काढून एक्केचाळिसाव्या पॉइंटची नोंद वाचली. तारीख तीच, गेल्या वर्षीची. सर्वेअर बाबालाल. "नवीन घर. पायऱ्या पाच."

वर जाऊन मोजल्या. पाच होत्या.

तिथंच पायरीवर बसलो. घरातली बाई पाणी घेऊन आली. मला ते घेववलं नाही.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे भुताचं नव्हे, माझ्या चुकीचं. सर उठले, केबिनचं दार लावलं आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, लगा. साहेबाला आता काय सांगू? आमचा माणूस मॅच बघाय गेलता म्हणून? बाबालाल गेला बिचारा, त्येला काय फरक पडतोय?" मग म्हणाले, ते एक्केचाळीस पॉइंट सुधारणा म्हणून गुपचूप चढवून टाक. मी चढवले. आता पुरात मळीवर बोट जाईल, ती बाबालालमामांच्या पॉइंटवर जाईल, आणि कुणाला त्यांचं नाव कळणार नाही, कारण चढवताना सर्वेअरच्या जागी ऑफिसचं नाव घालायचं असतं. तेही मीच घातलं.

त्याच आठवड्यात मामींकडं गेलो. सदर बाजारात दोन खोल्या. मामी शिवणाचं मशीन चालवत होत्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, मशीन थांबलं.

"म्हंजे ते गेलते."

"हो मामी."

"आणि तुला म्हाईत न्हवतं?"

"नाही. बघितलं असतं तर कळलं असतं. बघितलं नाही."

मला वाटलं रडतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुई काढून ठेवली आणि म्हणाल्या, "मरायच्या आदल्या रातीपतूर मला सांगत हुते, गेलतो गं मी. आणि खरं सांगू का तुला? मी पण 'व्हय व्हय' म्हणत हुते नुस्तं. मला पण वाटलं, दमलं असतील, बसलं असतील कुठं सावलीला." मग म्हणाल्या, "लिहून दे."

"काय मामी?"

"हेच. बाबालाल गेलते, चूक तुझी हुती, असं. खाली तुझं नाव आणि सही. माझ्या जावयाला दावते, मशिदीत दावते, सगळ्या गल्लीला दावते. दुसरं काय नगो मला."

मी म्हणालो, दोन दिवसांत आणून देतो.

आता स्पष्टीकरणाचं. कमेंटमध्ये विचारालच, म्हणून आधीच सांगतो, माझ्याकडं नाही. ते पॉइंट वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवल्यापासून त्याच तीन फायली मी पन्नास वेळा sort केल्या असतील. सहा हजार दोनशे अठरा आत, सहा हजार दोनशे अठरा बाहेर. स्नेहलनं दुसरीकडं नोकरी धरली, या विषयावर बोलायचं नाही असं तिनं स्वच्छ सांगितलंय. टूल बनवणाऱ्या लोकांच्या फोरमवरही मी विचारलं. असं होऊ शकत नाही, तुमची फाईल तपासा, असं उत्तर आलं. बरोबरच आहे, मीही तेच उत्तर दिलं असतं. नसलेल्या फाईलमधून चाळीस घरं कशी आली आणि माणूस गेल्यावर बांधलेल्या घराच्या पायऱ्या त्यानं कधी मोजल्या, हे कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा. झोप पूर्ण घेत जा म्हणालात तरी चालेल.

पत्र मी लिहिलं. त्याच रात्री लिहिलं, दुसऱ्या दिवशी प्रिंट काढली, एक पान. सही करायची राहिली. सही केली की ते पत्र फिरत फिरत साहेबांपर्यंत जाणार, मग सरांपर्यंत, आणि मग चौदा वर्षांची नोकरी गेली. घरी दोन पोरं आहेत, घराचा हप्ता आहे... तुम्हाला काय सांगतोय, तुम्हीही नोकरीच करता. हे सुद्धा टोपणनावानं लिहिलंय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याला आता तीन महिने झाले. मामींचा एकदाही फोन आलेला नाही. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या सीटखाली ठेवलंय. आज सकाळी पेट्रोल भरायला सीट उचलली तेव्हा दिसलं. टाकी भरून घेतली, सीट खाली दाबली आणि ऑफिसला गेलो.